तारूसा: ओकाकाठचं लेखकांचं गाव दोन दिवसांत कसं बघावं

सोमवार आणि मंगळवार सोडून जा, ही पहिली गोष्ट. रशियातल्या लहान गावांमधली संग्रहालयं सोमवारी बहुतेक बंदच असतात, पुष्कळशी मंगळवारीही. शिवाय महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस साफसफाईसाठी दारं बंद ठेवायची जुनी पद्धत आहे. त्याला तिथे ‘सानितार्नी द्येन’ म्हणतात, आणि दारावरच्या पाटीवर तो एवढ्या बारीक अक्षरात लिहिलेला असतो की लांबून आलेला माणूस हमखास फसतो. शनिवार-रविवारी सगळं उघडं असतं, पण अर्धं मॉस्को तिथे लोटलेलं असतं. बुधवार ते शुक्रवार यांतले दोन दिवस धरा आणि मधली रात्र गावातच काढा. मॉस्कोहून एका दिवसात जाऊन येता येतं, अनेकजण तसं करतातही. पण मग गाव आणि नदीपलीकडचं पोलेनोवो, म्हणजे चित्रकार पोलेनवची वाडी, यांतलं एकच पदरात पडतं.

तारूसा मॉस्कोच्या दक्षिणेला सुमारे १४० किलोमीटरवर, ओका नदीच्या डाव्या काठावर आहे. तारूसा नावाचीच एक लहान नदी इथे ओकेला मिळते. गावकरी तिला लाडाने तारूस्का म्हणतात. गावाचा पहिला उल्लेख १२४६ सालचा. वस्ती दहा हजारांच्या आतबाहेर. रेल्वे इथवर कधी आलीच नाही, त्यामुळे लाकडी घरं, कुंपणं आणि उतारावरच्या बागा बऱ्याचशा टिकून राहिल्या. लेखक इथे का जमले याला निसर्गाइतकंच एक रोकडं कारण होतं. सोव्हिएत काळात सक्तमजुरीच्या छावणीतून सुटून आलेल्यांना मॉस्कोत आणि भोवतीच्या शंभर किलोमीटरात राहायला मनाई असे. तारूसा त्या रेषेच्या जेमतेम बाहेर. म्हणून मॉस्कोशी नातं तुटू न देता राहण्याजोगं हे गाव ठरलं. कवयित्री मरीना त्स्वेतायेवाची मुलगी अरियाद्ना एफ्रोन छावणी आणि हद्दपारी भोगून इथेच राहिली आणि १९७५ साली इथेच वारली. हे मनात ठेवून फिरलात तर नुसती सुंदर दिसणारी घरं वेगळी दिसायला लागतात.

जाण्याआधी थोडं वाचून जा, ही सूचना गंभीरपणे घ्या. संग्रहालयांतल्या पाट्या बहुतेक रशियनमध्येच असतात. काहीच न वाचता गेलात तर एक मेज, एक पलंग आणि चार फोटो बघून बाहेर याल. त्स्वेतायेवाच्या पाच-सहा कविता आणि इथेच राहिलेला लेखक कन्स्तान्तीन पाउस्तोव्स्की याचे दोन-चार लेख, तेही इंग्रजीतून, एवढी शिदोरी पुरते.

कधी जावं

मे महिन्याचा उत्तरार्ध सगळ्यांत चांगला. लायलॅक फुललेले असतात, पोलेनोवोची बोट सुरू झालेली असते आणि अंधार रात्री नवानंतर पडतो. पण या दिवसांत गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यापासून लाइम रोग होतो. हाफ पँटवर काठाच्या गवतात शिरू नका. मोज्यांत पँट खोचा, आणि मुक्कामावर आल्यावर गुडघ्यामागे, काखेत आणि केसांच्या कडेला नीट तपासा. चिकटलेली गोचीड दिसली तर तेल-तूप न लावता चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा.

जुलैत डास असतात, पण पियानोवादक स्व्यातोस्लाव रिख्तर यांच्या नावाचा संगीतमहोत्सवही याच महिन्यात होतो. रिख्तरने गावापासून जवळच ओकेकाठी घर बांधलं होतं. महोत्सवाच्या दिवसांत खोल्या लवकर भरतात, तेव्हा तारखा आधी बघा. सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरची सुरुवात या दिवसांत बर्च पिवळे होतात आणि चित्रकारांची झुंबड उडते. मार्चचा शेवट आणि एप्रिल टाळाच: बर्फ वितळतो, उतारांवर चिखल होतो आणि बोट सुरू झालेली नसते. डिसेंबर-जानेवारीत दुपारी चारला सूर्य मावळतो आणि काठावरच्या पायऱ्यांवर बर्फाचा कडक थर बसतो. तेव्हा जायचंच असेल तर बुटांना लावायचे काटेरी पट्टे बरोबर ठेवा आणि नदीपलीकडचा बेत सोडून द्या.

पोचायचं कसं

दोन मार्ग आहेत. मॉस्कोच्या दक्षिण भागातून तारूसाला थेट बस जाते, अडीच ते तीन तास लागतात. शुक्रवारी दुपारनंतर मात्र मॉस्कोकर आपापल्या दाचांकडे, म्हणजे उन्हाळी घरांकडे निघतात, आणि त्याच प्रवासाला चार-पाच तासही लागू शकतात. भरवशाचा मार्ग दुसरा: मॉस्कोच्या कूर्स्की स्टेशनवरून सेर्पुखोवपर्यंत रेल्वे आणि तिथून बस. साधी लोकल, तिथली एलेक्त्रीच्का, सुमारे दोन तास घेते. ‘लास्तोच्का’ नावाची जलद गाडी त्याहून बरीच लवकर पोचवते. बसस्थानक सेर्पुखोव स्टेशनाबाहेरच आहे. तारूसाची बस तासाभरात गावात सोडते. बसच्या वेळांमध्ये मोठाली अंतरं असतात, म्हणून आधी बस ठरवा आणि तिच्या बेताने रेल्वे पकडा. उलटं केलंत तर सेर्पुखोवच्या बाकावर दोन तास जातात.

इथे एक सापळा आहे. तुला शहराकडे जाणाऱ्या याच मार्गावर सेर्पुखोवच्या पुढे ‘तारूस्स्काया’ नावाचं स्टेशन लागतं. नाव बघून लोक तिथे उतरतात. ते स्टेशन ज़ाओक्स्की या वस्तीत आहे, ओकेच्या दुसऱ्या बाजूला, तुला प्रांतात. तारूसा गावाला नदीवर पूल नाही. त्यामुळे तिथून गावात यायचं म्हणजे पुन्हा सेर्पुखोवकडून वळसा आलाच.

व्हिसा, पैसे, फोन

भारतीय पासपोर्टवर रशियाचा ई-व्हिसा मिळतो. ऑगस्ट २०२५ पासून तो १२० दिवस वैध आणि मुक्काम ३० दिवसांपर्यंत, असा नियम आहे. ज्या दिवशी उतरता तो दिवस रात्री अकराला उतरलात तरी पूर्ण धरला जातो, हे हिशेबात घ्या. हॉटेल तुमची नोंद पोलिसांकडे स्वतःच करतं; त्यासाठी विमानतळावर मिळालेलं मायग्रेशन कार्ड पासपोर्टमध्ये जपून ठेवा. खासगी खोली देणारे काही घरमालक परदेशी पाहुणा नको म्हणतात. कारण माणसाचा राग नसतो, या नोंदणीच्या कागदांचा कंटाळा असतो. म्हणून आरक्षण करतानाच ‘परदेशी नागरिकांना खोली देता का’ हे लेखी विचारा.

भारतातल्या बँकेचं कोणतंही व्हिसा कार्ड किंवा मास्टरकार्ड रशियात २०२२ पासून चालत नाही, एटीएमलाही नाही. यूपीआयचा तर प्रश्नच नाही. डॉलर किंवा युरो रोख न्या; नोटा कोऱ्या, न दुमडलेल्या, शाईचा डाग नसलेल्या हव्यात, नाहीतर बँक परत करते. रूबल मॉस्कोतच करून घ्या. लहान गावात बँकेच्या वेळा आणि तुमच्या वेळा जुळतीलच असं नाही. हजाराच्या नोटांपेक्षा शंभर-दोनशेच्या नोटा आणि नाणी जास्त कामाला येतात: बस, बोट, संग्रहालयाचं तिकीट, बाजारातली स्ट्रॉबेरी. कार्ड चालत नसल्याने ऑनलाइन तिकीटही काढता येत नाही. त्याचा फटका पोलेनोवोत बसतो, ते पुढे येईलच.

यांडेक्स या रशियन अ‍ॅपचा नकाशा मॉस्कोतल्या वायफायवर उतरवून घ्या. मोबाईलचं इंटरनेट हल्ली मधेच तासन् तास बंद असतं. मुक्कामाचा पत्ता सिरिलिक, म्हणजे रशियन, लिपीत कागदावर लिहिलेला असू द्या. रेल्वेपूल, गणवेशातली माणसं आणि लष्करी वाहनं यांचे फोटो काढू नका.

गावात उतरल्यावर

आधी नदीवर जा आणि धक्क्यावर लावलेल्या बोटीच्या वेळापत्रकाचा फोटो काढा. बाकीचा सगळा बेत त्यावर बसवायचा आहे. आठवड्याच्या मधल्या दिवसांत फेऱ्या कमी असतात. वारा-पाऊस जोराचा असला किंवा पाणी फारच उतरलं तर रद्दही होतात. दुसऱ्या दिवसाचा हवामानाचा अंदाज वाईट असेल तर हातातलं काम सोडून त्याच दुपारी नदीपार जा. संग्रहालय पावसात बघता येतं.

गावाचा मध्य म्हणजे पीटर-पॉल कॅथेड्रलचा चौक. चौकाचं नाव अजून लेनिन चौकच आहे. रस्त्यांची नावंही त्याच काळातली. त्स्वेतायेवा कुटुंबाचं संग्रहालय साम्यवादी क्रांतिकारक रोज़ा लक्झेंबर्ग हिच्या नावाच्या रस्त्यावर ३० क्रमांकाला आहे. क्रांतीने जिचं घरदार उद्ध्वस्त केलं तिच्या संग्रहालयाला हा पत्ता मिळावा, ही गंमत गावकऱ्यांच्या आता लक्षातही येत नाही.

हे घर मरीनाच्या आईच्या वडिलांनी, अलेक्सांद्र मेइन यांनी १८९९ साली घेतलं. संग्रहालय १९९२ साली, तिच्या जन्मशताब्दीला, सुरू झालं. आत शिरताना बुटांवर चढवायची निळी प्लॅस्टिकची आवरणं मिळतात, त्यांना ‘बाख़ीली’ म्हणतात. ती घालताना उभ्याने कसरत न करता बाकावर बसा. ओल्या फरशीवर ती साबणासारखी घसरतात. जाड कोट आणि पाठपिशवी गार्देरोबमध्ये, म्हणजे कोट ठेवायच्या खोलीत, द्यावी लागते. फोटोची परवानगी वेगळी विचारा. प्रत्येक दालनात खुर्चीवर एक वयस्क बाई बसलेल्या असतात. घाईघाईने पुढे निघालात की त्या लक्ष घालत नाहीत. पण एखाद्या फोटोसमोर थांबून बोट दाखवलंत की उठून समजावून सांगायला लागतात. भाषा कळत नसली तरी थांबा. ‘मामा’, ‘पापा’, ‘सिस्त्रा’ एवढं कळलं तरी कोण कोणाचं ते उलगडतं. वडील इवान त्स्वेतायेव म्हणजे मॉस्कोचं आजचं पुश्किन ललितकला संग्रहालय उभारणारे प्राध्यापक. मॉस्कोत ते बघून आलात तर इथली साखळी जुळते.

कुटुंब उन्हाळ्यात राहायचं ते ‘पेसोच्नोये’ हे घर वेगळं. गावापासून दोनेक किलोमीटरवर होतं, ते १९६० च्या दशकात पाडलं. नकाशावर ते नाव दिसतं म्हणून मुद्दाम तंगडतोड करू नका.

काठ, टेकडी आणि तो दगड

संग्रहालयातून उतरून ओकेच्या काठावर या. काठावर मरीनाचा अनवाणी पायांचा पुतळा आहे, २००६ सालचा, शिल्पकार व्लादीमिर सोस्कियेव. बागेत पाउस्तोव्स्कीचा पुतळा आहे, पायाशी त्याचा कुत्रा. हे दोन्ही पाच मिनिटांचं काम. वेळ ठेवायचा तो टेकडीसाठी.

पुनरुत्थानाच्या चर्चवरून ‘वस्क्रेसेन्स्काया’ नाव पडलेली ही टेकडी चढायला साधी आहे, पण वाट कुठे पायऱ्यांची, कुठे नुसती माती. चामडी तळव्याचे बूट नकोत, खाचा असलेला रबरी तळवा हवा. उतारावर चित्रकार वीक्तर बरीसव-मुसातव याची कबर आहे. तो १९०५ साली इथेच वारला. कबरीवर शिल्पकार अलेक्सांद्र मत्व्येयेव याने घडवलेला निजलेला मुलगा आहे. बुडालेल्या मुलाला चित्रकाराने पाण्यातून काढलं पण तो वाचला नाही, अशी कथा गावात सांगतात. शिल्प लहान आहे, दगड खरबरीत, मुलाचं डोकं एका बाजूला कललेलं. सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं तरच त्याचे खांदे आणि बरगड्या नीट उठून दिसतात; भर दुपारी तो एक सपाट दगड वाटतो. तेव्हा या टेकडीला दुपारी चारनंतर या.

तिथून काठाच्या वरच्या अंगाने पुढे गेलं की मरीनाचा दगड लागतो. ही कबर नाही, हे लक्षात ठेवा. पुष्कळ पर्यटक इथे फुलं वाहून ‘कबर बघितली’ म्हणून सांगतात. मरीना ३१ ऑगस्ट १९४१ रोजी इथून शेकडो किलोमीटर दूर, कामा नदीकाठच्या येलाबुगात आत्महत्या करून गेली आणि तिच्या कबरीची नेमकी जागा कुणालाच ठाऊक नाही. १९३४ साली फ्रान्समध्ये राहत असताना तिने लिहून ठेवलं होतं की आपल्याला तारूसात पुरावं, आणि ते जमणार नसेल तर तारूसाच्या खाणीतला एक दगड तरी ठेवावा. १९६२ साली एका विद्यार्थ्याने खटपट करून असा दगड आणून उभा केला. अधिकाऱ्यांनी तो काढून टाकला. आजचा दगड १९८८ सालचा. त्यावरचं वाक्य एवढंच: ‘इथे विसावावं अशी मरीना त्स्वेतायेवाची इच्छा होती.’ समोर झाडांतून ओका दिसते. पानगळीनंतर जास्त चांगली दिसते; भर उन्हाळ्यात झुडपं आड येतात.

पोलेनोवो

दुसऱ्या दिवशीची पहिली बोट पकडा. धक्क्यावर वीस मिनिटं आधी उभं राहा, गर्दीच्या दिवशी तासभर. पोलेनोवो प्रवाहाच्या दिशेने आहे, म्हणून जाताना लवकर पोचता आणि येताना बोट प्रवाहाविरुद्ध चालते, वेळ जास्त लागतो. परतीची बस लगेच पकडायची असेल तर हे धरून चला. नदीवर वारा थंड असतो, जूनमध्येही पातळ जाकीट लागतं.

चित्रकार वसीली पोलेनव याने ही वाडी स्वतः आखली. मोठं घर १८९२ मध्ये पूर्ण झालं आणि पुढे स्वतंत्र चित्रशाळा, ‘अबात्स्त्वो’, १९०४ मध्ये. मोठ्या घरात एकावेळी थोड्याच माणसांना सोडतात, तेही ठरलेल्या वेळेला. ऑनलाइन तिकिटं आधी जातात आणि आपल्याला ती काढता येत नाहीत. म्हणून बोटीतून उतरल्यावर बागेत रेंगाळू नका, थेट ‘कासा’ म्हणजे तिकीटखिडकी गाठा आणि घराची जी पहिली वेळ मिळेल ती घ्या. वेळ दोन तासांनंतरची मिळाली तर उत्तमच: तेवढ्यात बेखोवोला जाऊन या. घराचं तिकीट संपलंच असेल तर बागेचं घ्या आणि चित्रशाळेचं मिळतं का विचारा. दिओरामा दाखवत असतील तर चुकवू नका. पोलेनवने म्हातारपणी खेड्यातल्या मुलांसाठी जगप्रवासाची चित्रं रंगवली होती. मागून-पुढून उजेड बदलला की त्याच चित्रात दिवसाची रात्र होते.

बेखोवो वाडीपासून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर, चढावर आहे. तिथलं पांढरं चर्च १९०६ सालचं, आराखडा पोलेनवचाच. मागच्या दफनभूमीत त्याची कबर साध्या लाकडी क्रुसाखाली आहे, आणि तिथून ओकेचं वळण दिसतं ते या सगळ्या परिसरातलं पहिल्या नंबरचं दृश्य. चर्चमध्ये जाताना बायकांनी डोक्यावर ओढणी घ्यावी, पुरुषांनी टोपी काढावी.

शेवटची बोट चुकली तर धक्क्यावर खासगी मोटरबोटवाले असतात. बसण्याआधी भाव ठरवा, दर माणशी की सगळ्यांचा मिळून तेही. तेही नसतील तर टॅक्सी सेर्पुखोवच्या पुलावरून फिरून येते, आणि तो खर्च रात्रीच्या मुक्कामाएवढा होऊ शकतो.

पाउस्तोव्स्की

पाउस्तोव्स्कीचं घर प्रलेतार्स्काया रस्त्यावर, तारूस्का नदीच्या बाजूला आहे. लाकडी, लहान, पुढे-मागे बाग. २०१२ पासून संग्रहालय झालं. खोल्या इतक्या छोट्या की गट पाडूनच सोडतात; आदल्या दिवशी हॉटेलवाल्यांकरवी फोन करून वेळ ठरवून ठेवा. बागेतली लिहिण्याची झोपडी आवर्जून बघा. त्याने आपलं वजन वापरून इतरांसाठीही दार उघडलं: १९६१ साली कलूगा शहरात ‘तारूसाची पानं’ हा संग्रह निघाला आणि त्यात त्स्वेतायेवाच्या कविता छापल्या गेल्या. वरून लगेच गदा आली, संपादनाशी संबंधित लोकांना शिक्षा झाल्या. तो १९६८ मध्ये वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे इथेच पुरला गेला. कबर गावाच्या दफनभूमीत तारूस्काच्या वरच्या काठाला, मोठ्या ओकखाली आहे. घर, मग कबर असा क्रम ठेवलात तर दोन तास पुरतात. काल बघितलेल्या टेकडीला हे जोडायला जाऊ नका. दिशा वेगळी आहे, उगाच दोनदा चढउतार होतो.

खाणं

शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत, पण विचारावं लागतं. बोर्श्च, म्हणजे बिटाचा रस्सा, भाज्यांचा दिसला तरी तो बहुधा मांसाच्या पाण्यात शिजवलेला असतो. ‘बिज़ म्यासा’, म्हणजे मांसाशिवाय, एवढ्याने भागत नाही. वेटर वरचे तुकडे काढून तेच आणून देऊ शकतो. ‘बुल्यॉन म्यास्नोय?’, रस्सा मांसाचा आहे का, हे विचारा. डोळे मिटून मागवावं असं: बटाट्याचे वारेनिकी म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या (वर तळलेला कांदा असेल तर त्यात चरबीचे तुकडे नाहीत ना, बघा), सीर्निकी म्हणजे पनीरसारख्या त्वोरोगच्या गोड टिक्क्या, ब्लिनी म्हणजे पातळ घावन, आणि मशरूमसोबत ग्रेच्का म्हणजे शिजवलेले कुट्टूचे दाणे. ईस्टरआधीच्या उपवासात ‘पोस्तनोये मेन्यू’ असतं. त्यात मांस, अंडी, दूध काहीच नसतं, त्यामुळे त्या दिवसांत आपली चंगळ. पोलेनोवोत खायची सोय गर्दीत कमी पडते. पोळी-चटणी किंवा दुकानातला पाव-चीज बरोबर असू द्या. जैनांनी आणि कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी तयारी घरूनच करावी.

विकत न्यायचं तर तारूसाचं भरतकाम घ्या. इथे भरतकामाची जुनी संस्था आहे. धागे काढून त्या जाळीवर रंगीत टाके घालण्याची पद्धत ही इथली ओळख. उलटी बाजू बघा: हाताचं काम असेल तर धाग्यांची टोकं आत दाबलेली दिसतात, यंत्राचं असेल तर मागे पांढऱ्या दोऱ्याचा जाड थर असतो.

परतताना रविवारी संध्याकाळची थेट बस घेऊ नका, मॉस्कोच्या तोंडाशी अडकते. सेर्पुखोवला बसने येऊन रेल्वे पकडा. हाताशी अर्धा दिवस असेल तर सेर्पुखोवजवळच्या प्रिओक्स्को-तेर्रास्नी अभयारण्यात युरोपी गवे बघता येतात. आत गाईडबरोबर ठरलेल्या वेळीच सोडतात, म्हणून तिथेही आधी फोन करावा लागतो, आणि सामान सेर्पुखोव स्टेशनवर ठेवायचं असेल तर ती खोली कधी बंद होते हे उतरल्याबरोबर विचारून घ्या.